नळी हाताच्या जितकी जवळ तितका धक्का कमी, हे कितपत खरे?

कुळागर (डिचोली) · १४ जून, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. माझी मुलगी चार वर्षे १० मीटर एअर पिस्तूल मारते आहे आणि यंदापासून तिने २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलही सुरू केले आहे. क्लबमध्ये पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची बोअरची, दोन पिस्तुले आहेत. एक जुने, ज्याचे मॅगझिन मुठीत बसते, आणि दुसरे अलीकडचे, ज्याचे मॅगझिन चापाच्या पुढे आहे. मी व्हर्निअर घेऊन, तिने पिस्तूल धरलेले असताना, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. जुन्यात ते ३४ मिमी भरले, नव्यात २२ मिमी. ती म्हणते की नव्यात पिस्तूल उडत नाही, नुसते मागे येते, आणि जुन्यात गोळी सुटली की पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा खुंट) कुठे गेली ते क्षणभर कळतच नाही.

आता स्वतःचे पिस्तूल घ्यायचा विचार आहे आणि ज्या विक्रेत्याशी बोललो त्याचा सगळा भर एकाच वाक्यावर आहे: नळी खाली असली की वेग वाढतो. रक्कम लाखांतली आहे, ती या एका वाक्यावर घालावी का, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी प्रत्यक्ष मारले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मास्तर_फोंडा · १४ जून, रात्री १०.२५
शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून हिशेबापासून सुरुवात करतो. पॉइंट टू टूची ४० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. ती सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. तिचा संवेग होतो साधारण ०.८३, आणि मागून सुटणारा वायू धरला तर ०.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो, आणि तो नळीच्या मध्यरेषेवरून मिळतो. हात मात्र त्या रेषेच्या खाली आहे. म्हणून पिस्तूल सरळ मागे न जाता फिरते आणि त्याचे तोंड वर उचलले जाते.

दार कडीपाशी ढकलले तर ते लगेच उघडते. तेवढ्याच जोराने बिजागरीजवळ ढकलले तर हलतेसुद्धा मुश्किलीने. नळी जितकी हातापासून वर, तितके आपण कडीकडे सरकलो. ३४ मिमीवरून २२ मिमीवर आल्यास फिरवणारा झटका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी व्हायला हवा. तुमच्या मुलीला जे जाणवते त्याला शास्त्राचा आधार आहे.

सत्तरीकर · १४ जून, रात्री १०.५१
मास्तर, हिशेब पटला, पण बिजागरी बेचक्यात आहे हे कोणी ठरवले? पिस्तूल बेचक्याभोवती फिरत नाही. हात आणि पिस्तूल मिळून मनगटाभोवती फिरतात, आणि मनगटाचा सांधा बेचक्याच्या बराच खाली असतो. माझ्या हातावर मोजले तर ते अंतर साडेतीन सेंटीमीटर येते. म्हणजे खरी तुलना ३४ आणि २२ मिमीची नसून ६९ आणि ५७ मिमीची होते. फरक ३५ टक्क्यांचा राहत नाही, १७ टक्क्यांवर येतो.

मास्तर_फोंडा · १४ जून, रात्री ११.०८
सत्तरीकर, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि ते महत्त्वाचे आहे. पकड सैल असेल तर पिस्तूल आधी तळव्यात फिरते आणि मग मनगट वळते, त्यामुळे खरा आकडा तुमच्या आणि माझ्या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असणार. पकड जितकी पक्की तितका तो तुमच्या बाजूला सरकेल. याचा अर्थ असाही होतो की ज्याची पकड चांगली आहे त्याला खालच्या नळीचा फायदा कमी मिळतो, आणि नवशिक्याला जास्त.

आणखी एक गोष्ट. १२ सेंटीमीटरच्या नळीतून गोळी बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात १.१ किलोचे मोकळे पिस्तूल किती मागे येईल हे वजनांच्या प्रमाणावरून काढता येते: २.६ भागिले ११००, गुणिले १२० मिमी, म्हणजे ०.२८ मिमी. कागदाच्या दोन-तीन पानांची जाडी. तोंड उडताना आपण जे पाहतो ते जवळजवळ सगळे गोळी गेल्यानंतरचे असते.

माशीवर_नजर · १५ जून, सकाळी ७.१५
मग नळीच्या उंचीचा नेमावर परिणामच होत नाही, असे म्हणायचे का?

मास्तर_फोंडा · १५ जून, सकाळी ७.४०
परिणाम होतो, पण थोडा, आणि तोही नेहमी सारखाच असेल तर साइट फिरवून तो भरून काढता येतो. अडचण येते ती पकड बदलली तर. एका गोळीला मूठ घट्ट आणि पुढच्या गोळीला सैल असेल, तर त्या एका मिलिसेकंदातले फिरणे कमी-जास्त होते आणि गोळ्या वर-खाली पसरतात. उंच नळी ही चूक मोठी करून दाखवते, खालची नळी ती पोटात घालते.

निवृत्त_खाकी (पर्वरी) · १५ जून, सकाळी ९.०५
नोकरीत मी इशापूरचे ९ मिमी पिस्तूल वापरले, जे ब्राउनिंगच्या आराखड्यावर बेतलेले आहे. आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी सांगत की हात जितका वर जाईल तितका न्या, मुठीच्या वर रिकामी जागा दिसता कामा नये. सल्ला बरोबरच होता. पण त्या पिस्तुलाचा घोडा मागे येताना बेचक्यातली कातडी चिमटून धरतो, आणि माझा पंजा मांसल असल्यामुळे दर सरावाला तिथे रक्त निघायचे. तीन-चार दिवसांत माझा हात माझ्याही नकळत खाली सरकला. हात अर्धा सेंटीमीटर खाली गेला म्हणजे नळी अर्धा सेंटीमीटर वर गेली. दुसरी गोळी पहिलीपेक्षा हटकून वर लागू लागली आणि मी उगाच साइटला दोष देत राहिलो. शेवटी एका सहकाऱ्याने बाजूला उभे राहून पाहिले, तेव्हा कारण सापडले.

कुळागर बाब, म्हणून सांगतो की कारखान्याने नळी कुठे बसवली आहे हे अर्धेच उत्तर आहे. हात त्या जागेपर्यंत पोहोचतो का आणि साठाव्या गोळीलाही तिथेच राहतो का, हे उरलेले अर्धे.

लिस्बनवासी · १५ जून, दुपारी २.३०
मूळचा मडगावचा, आता पोर्तुगालमध्ये असतो आणि इथे प्रॅक्टिकल शूटिंग करतो. आपल्याकडे ९ मिमी सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांना या खेळाचा अनुभव कमी असेल. आमच्याकडे काडतुसाची ताकद मोजायची एक पद्धत आहे: गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार. मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसांच्या, गटात हा आकडा किमान १२५ लागतो. पॉइंट टू टूचा तोच आकडा ४२ च्या आसपास येतो. म्हणजे आमचा धक्का जवळजवळ तिप्पट, आणि पिस्तुलेही बहुधा हलकी.

इतका जोर असताना नळीच्या उंचीवर लोक रात्रभर वाद घालतात. इटलीच्या कियाप्पा कंपनीचे ऱ्हायनो रिव्हॉल्व्हर सिलिंडरच्या सर्वांत खालच्या खणातून गोळी सोडते, आणि चेक बनावटीच्या लाउगो एलियनची नळी जवळजवळ हातावरच टेकलेली असते. दोन्ही मी मारून पाहिली आहेत. तोंड कमी उडते यात शंका नाही, पण तळव्याला बसणारा सरळ धक्का तेवढाच तीव्र लागतो, कारण संवेग कुठेही नाहीसा होत नाही. माझा वेग त्यामुळे फारसा वाढला नाही. दोन हातांनी पकडल्यावर दुसरा तळवा तोंड दाबून धरतो आणि उंचीतला बराचसा फरक तिथेच संपतो. तुमच्या मुलीला मात्र एकाच हाताने मारायचे आहे, तिला ही मदत नाही.

पाचवी_गोळी (म्हापसा) · १५ जून, रात्री ८.१०
मी बरीच वर्षे रॅपिड फायर मारले आहे, त्यामुळे या विषयावर थोडे मोकळेपणाने लिहितो.

रॅपिड फायरमध्ये शेजारी-शेजारी पाच लक्ष्ये असतात, दोन लक्ष्यांच्या केंद्रांत ७५ सेंटीमीटर अंतर असते, आणि पाच गोळ्या आधी ८ सेकंदांत, मग ६ सेकंदांत आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात. हात सुरुवातीला ४५ अंशांवर खाली असतो. चार सेकंदांच्या फेरीत हात वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंत माझे सव्वा सेकंद जात. उरलेल्या पावणेतीन सेकंदांत चार गोळ्या, म्हणजे प्रत्येकीला जेमतेम पाऊण सेकंद. तेवढ्यात धक्का सोसायचा, पावणेदोन अंश उजवीकडे वळायचे, माशी खाचेत आणायची आणि चाप दाबायचा. २५ मीटरवरच्या या लक्ष्यात दहाचे वर्तुळ १० सेंटीमीटरचे असते. साइटमधले अंतर २२ सेंटीमीटर धरले तर माशी एक मिलिमीटरने चुकल्यास गोळी ११ सेंटीमीटरहून जास्त चुकते, म्हणजे थेट नऊच्याही बाहेर जाऊ शकते.

इथे खालची नळी काय देते? ती पिस्तुलाला वर उडू देत नाही, त्यामुळे वळताना मार्ग सरळ आडवा राहतो. उंच नळीचे पिस्तूल डोंगर चढून उतरल्यासारखे पुढच्या लक्ष्यावर येते. उतरताना ते रेषेच्या खाली जाते, मग पुन्हा वर आणावे लागते, आणि ही दुसरी दुरुस्तीच वेळ खाते. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली विजय कुमार यांनी अंतिम फेरीत ४० पैकी ३० वेध घेऊन रौप्यपदक मिळवले. ती फेरी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी त्यांचा हात आठवून पाहावा. त्याची लय मोडत नाही.

हा मोह जुना आहे. १९५० च्या दशकात सोव्हिएत नेमबाजांनी नळी हाताच्या रेषेखाली नेलेले, पाहायला उलटे वाटणारे पिस्तूल स्पर्धेत आणले होते. आज नियमच असा आहे की २५ मीटरच्या पिस्तुलात नळीची मध्यरेषा बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे. तोंडावर कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून तोंड खाली दाबणारा भाग) लावायलाही मुभा नाही. नियम करणाऱ्यांना ही उंची बांधून घालावीशी वाटली, यातच तिचे वजन कळते. म्हणून माझे मत असे की परवडत असेल तर खालच्या नळीचेच घ्यावे.

तिसरा_सेकंद · १५ जून, रात्री ९.३५
पाचवी_गोळी दादा, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण कुळागर बाब यांची मुलगी रॅपिड फायर मारणार नाही. मी स्वतः महिलांची २५ मीटर पिस्तूल, म्हणजे तीच स्पोर्ट्स पिस्तूल, मारते, म्हणून हा फरक ठळकपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्या स्पर्धेत ३० गोळ्या प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या, आणि ३० रॅपिडच्या असतात. रॅपिड हे नाव ऐकून लोकांना वाटते की गोळ्या पाठोपाठ सुटतात. प्रत्यक्षात हिरवा दिवा ३ सेकंद असतो, त्यात एकच गोळी मारायची असते, मग हात ४५ अंशांवर खाली आणायचा आणि ७ सेकंद थांबायचे. पिस्तूल उडून परत यायला अर्धा सेकंद लागला काय आणि पाऊण लागला काय, गुणांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण त्यानंतर हात तसाही खाली येणार आहे. विक्रेता ज्या वेगाबद्दल बोलतो तो वेग या स्पर्धेत विचारलाच जात नाही. इथे वेग लागतो तो हात वर आणण्यात आणि चापाला पहिला दाब वेळेत देण्यात.

स्टँडर्ड पिस्तूल मारणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १० सेकंदांत पाच गोळ्या एकाच लक्ष्यावर मारायच्या असतात आणि दर गोळीनंतर माशी पुन्हा तिथेच आणावी लागते.

पाचवी_गोळी (म्हापसा) · १५ जून, रात्री ९.५८
ताई, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. मी माझ्या स्पर्धेच्या डोळ्यांनी उत्तर दिले. ३ सेकंदांच्या मालिकेत धक्क्यातून सावरण्याच्या वेळेला महत्त्व नाही, हे मला मान्य आहे.

तिसरा_सेकंद · १५ जून, रात्री १०.२०
आभारी आहे, दादा. तरीही खालच्या नळीचा एक उपयोग मला झाला, आणि तो सांगितला नाही तर चित्र अपुरे राहील. पिस्तूल कमी उडाले की गोळी सुटतानाची माशी डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे ही गोळी कुठे लागली असेल हे मला पडद्याकडे न पाहता सांगता येऊ लागले. आधीच्या पिस्तुलावर मी उडण्याची वाट पाहायचे आणि त्या अपेक्षेने मनगट आधीच खाली दाबायचे. गोळ्या सहा वाजण्याच्या दिशेला, म्हणजे सरळ खाली, आठात जायच्या. राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले तेव्हा मी गोळी सुटल्यानंतरचा त्यांचा हात पुन्हा पुन्हा पाहिला होता. गोळी गेल्यावरही नेम चालूच असतो, हे मला त्यातून दिसले.

शिसव · १६ जून, सकाळी ८.४५
ग्रिपबद्दल, म्हणजे मुठीच्या लाकडाबद्दल, कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो. कारखान्याची अक्रोडाची ग्रिप मधल्या मापाच्या पुरुषी हातासाठी कोरलेली असते. लहान हाताची मुलगी ती धरते तेव्हा बोटे पोहोचावीत म्हणून तिचा पंजा खाली उतरतो आणि बेचक्याच्या वर फट राहते. हाताला खडूची पूड लावून एकदा ग्रिप धरायला सांगा आणि मग हात काढून पाहा. वरच्या कमानीत, जिथे बेचके दाबले जायला हवे, तिथे पूड लागलेली नसेल तर तुमच्या ३४ मिमीपैकी काही मिमी पिस्तुलाची नसून त्या फटीची आहेत.

मी माझी ग्रिप अर्धगोल कानशीने घासली. दर वेळी दहा-बारा घासे, मग पूड, मग पुन्हा हात. तळव्याच्या पोकळीत लाकडाचा भुसा आणि इपॉक्सी भरून वाळू दिले आणि पॉलिश पेपरने घासले. घाई करू नये, कारण काढलेले लाकूड परत येत नाही. नियमाप्रमाणे मनगट मोकळे राहिले पाहिजे, तेवढे सांभाळावे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. आता पावसात तळवा सतत ओला राहतो, आणि पाचव्या-सहाव्या मालिकेनंतर हात हळूहळू खाली घसरतो. मी ग्रिपला मुळीच पॉलिश ठेवलेले नाही, खरखरीत ठेवली आहे, आणि प्रत्येक मालिकेआधी सुती फडक्याने हात पुसतो.

सत्तरीकर · १६ जून, सकाळी ९.३०
शिसव यांच्या मुद्द्याला जोडून: मागे-पुढे जाणाऱ्या बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा ताणही पाहावा. जड बोल्ट मागे आपटला की दुसरा झटका बसतो, आणि तो पुष्कळदा नळीच्या उंचीच्या नावावर खपवला जातो.

कुळागर (डिचोली) · २९ जून, रात्री ८.५०
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुम्ही सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

खडूचा प्रयोग पहिल्या दिवशी केला. जुन्या पिस्तुलाच्या ग्रिपवर वरची कमान कोरडी निघाली. लाकूड तसेच तपकिरी होते आणि खाली तिन्ही बोटांचे पांढरे ठसे होते. क्लबची ग्रिप घासायची परवानगी नव्हती, म्हणून प्रशिक्षकांच्या संमतीने तळव्याकडच्या बाजूला सोलापुरी चादरीच्या कापडाचा पातळ तुकडा चिकटवला, जेणेकरून पंजा वर ढकलला जाईल. पुन्हा मोजले तेव्हा ३४ मिमीचे २९ मिमी झाले होते. पिस्तूल तेच, नळी तीच.

मग मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांनी बाजूने चित्रण केले. तिन्ही प्रकारे वीस-वीस गोळ्या मारल्या: जुने जुन्या पकडीत, जुने वरच्या पकडीत, आणि नवे. एकाच मुलीच्या साठ गोळ्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळते. तरी दिसले ते असे: नव्या पिस्तुलाचे तोंड सर्वांत कमी उडते, यात वाद नाही. पण जुन्या पिस्तुलात पकड वर नेल्यावर उडणे कमी झालेच, शिवाय तोंड दर वेळी जवळजवळ त्याच जागी परत येऊ लागले. जुन्या पकडीत ते कधी डावीकडे उतरत होते, कधी रेषेच्या खाली. कागदावर वर-खाली पसरलेल्या गोळ्या एकत्र आल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, आता माशी दिसते."

तिसरा_सेकंद · २९ जून, रात्री ९.०५
तिचे हे वाक्य वाचून फार आनंद झाला. ३ सेकंदांच्या मालिकेचे गुण कसे आले?

कुळागर (डिचोली) · २९ जून, रात्री ९.२२
ताई, जुन्या पिस्तुलावर वरच्या पकडीत आणि नव्यावर जवळजवळ सारखेच आले. तुम्ही म्हणालात तसा वेगाचा काही संबंध दिसला नाही. मात्र गंमत म्हणून स्टँडर्डची १० सेकंदांची एक मालिका दोन्हींवर मारायला लावली, आणि तिथे नवे स्पष्टपणे पुढे गेले. जुन्यावर पाचवी गोळी वेळेत सुटलीच नाही.

पाचवी_गोळी (म्हापसा) · २९ जून, रात्री ९.४०
मग ती पुढे स्टँडर्ड मारणार आहे का, यावर खरेदीचा निर्णय ठरवावा. नसेल तर वर्षभर क्लबचेच पिस्तूल पुरेसे आहे, आणि उरलेले पैसे काडतुसांवर खर्च करावेत.

कुळागर (डिचोली) · २९ जून, रात्री ९.५५
दादा, तिला स्टँडर्ड आवडले आहे, पण या वर्षी फक्त २५ मीटर पिस्तूलच मारायची असे प्रशिक्षकांनी सांगितले आहे. त्यामुळे खरेदी पुढच्या वर्षावर ढकलतो. क्लबने मात्र जुन्या पिस्तुलासाठी वेगळी ग्रिप करून घ्यायला होकार दिला आहे. शिसव, तुमच्या ओळखीचे मेस्त (सुतार) चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी शिसवाचा ठोकळा कोरून देतील का? मुलीच्या हाताचा मातीत घेतलेला ठसा माझ्याकडे तयार आहे.

शिसव · ३० जून, सकाळी ७.०५
देतील. चवथीच्या तोंडावर त्यांच्याकडे मखरांची कामे येतात, म्हणून या आठवड्यातच ठसा घेऊन या. आणि मुलीलाही बरोबर आणा, कारण वरची कमान ते हात पाहिल्याशिवाय कोरत नाहीत.